जुन्या गाडीत दुसरे इंजिन : आधी माप, मग कागद, शेवटी पाना

गोंदिया जिल्ह्यात तिरोडा तालुक्यात बोदलकसा येथे मोठा तलाव आहे. भोवती डोंगर आणि झाडी, आणि लागूनच नागझिऱ्याचे जंगल. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. चोरखमारा, मंगेझरी या दरवाज्यांतून पर्यटकांना घेऊन उघड्या गाड्या जंगलात जातात. त्यांत मारुती जिप्सीला फार मान. हलकी, उंच, चारही चाकांना जोर देणारी आणि दुरुस्तीला सोपी अशी ही गाडी आहे.

परंतु जिप्सी आता नवी मिळत नाही. कंपनीने तिचे सामान्य ग्राहकांसाठीचे उत्पादन २०१९ पर्यंत बंद केले. म्हणजे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक जिप्सी जुनी आहे, आणि इंजिने थकत चालली आहेत. मग मालक गाडी गॅरेजला आणतो आणि म्हणतो, "उस्ताद, ह्यात दुसरं इंजिन बसवून द्या. जरा ताकदीचं बघा." जीप, कंटेसा, अँबॅसडर, पद्मिनी किंवा एखादी जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार असो, मागणी हीच असते.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळजण मोटार दुरुस्ती, लेथ, वेल्डिंग, सुटे भाग व भंगार यांच्या व्यवसायात आहेत. त्यांच्या दृष्टीने हे काम मोठ्या रकमेचे दिसते. मात्र यात कारागिराचा पैसा बुडू शकतो, ग्राहकाचा जीव धोक्यात येऊ शकतो आणि कायद्याची कारवाई गॅरेजच्या दारापर्यंत येऊ शकते. म्हणून हे काम केव्हा घ्यावे, कसे करावे आणि केव्हा नको म्हणावे, याचा विचार या लेखात केला आहे.

मोठ्या कारखान्यांनीही हेच केले

एका गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीत घालणे ही केवळ गॅरेजची युक्ती नव्हे. मोठमोठ्या कारखान्यांनी हेच केले आहे. काहींचे साधले, काहींचे फसले.

आपल्या महाराष्ट्रातील पहिले उदाहरण महिंद्राच्या जीपचे. तिच्यात पूर्वी २१९९ सीसीचे 'हरिकेन' पेट्रोल इंजिन असे. पुढे पेट्रोल महागले तेव्हा कंपनीने त्याच जीपमध्ये आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातील डिझेल इंजिन आणि नंतर ऐंशीच्या दशकात २११२ सीसीचे प्यूजो डिझेल इंजिन बसविले. ही इंजिने इगतपुरीच्या कारखान्यात तयार होत. गाडीचा सांगाडा जवळपास तोच राहिला, पण कंपनीने इंजिनाबरोबर बाकीची जोडणीही जुळवून घेतली. म्हणून त्या जीपा खेड्यापाड्यांत वर्षानुवर्षे चालल्या.

दुसरे उदाहरण मुंबईच्या प्रीमियर कंपनीचे. १९८५ मध्ये तिने '११८ एनई' ही गाडी आणली. अंग होते इटलीच्या फियाट १२४ चे, आणि आत जपानच्या निसानचे ११७१ सीसीचे इंजिन. नावातील 'एनई' ही अक्षरे त्या निसान इंजिनाचीच खूण. शरीर १९६६ सालच्या घडणीचे, काळीज नवे, आणि दोघांचे जमले.

तिसरे कंटेसाचे. हिंदुस्तान मोटर्सने ती १९८४ मध्ये बाजारात आणली तेव्हा तिच्या रुंद, जड अंगात अँबॅसडरचेच १४८९ सीसीचे इंजिन होते. गाडी दिसायला दिमाखदार, पण चढावर दम लागे. पुढे कंपनीने तिच्यात इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन पाच गिअरच्या पेटीसह घातले आणि कंटेसाचे नाव झाले. येथे 'पेटीसह' हा शब्द ध्यानात ठेवावा.

आता फसलेले उदाहरण. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ मध्ये 'स्टँडर्ड २०००' काढली. अंग इंग्लंडच्या रोव्हर एसडी-१ चे. तिकडे ह्या गाडीत साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिनही मिळत असे. आपल्याकडे मात्र तिच्यात जुन्या व्हॅनगार्ड गाडीच्या घराण्यातील १९९१ सीसीचे इंजिन घातले गेले. ऐटबाज शरीर आणि म्हातारे इंजिन यांचे जुळले नाही. तीन-चार वर्षांतच, १९८८ च्या सुमारास, ती गाडी बंद पडली. कंपनीजवळ यंत्रसामग्री होती, इंजिनिअर होते. तरीही जोडी चुकली की काय होते ते यावरून दिसते.

परदेशी स्पोर्ट्स कारचे तीन धडे

जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत जगात तीन दाखले प्रसिद्ध आहेत. प्रत्येकातून मिस्त्रीला एक धडा मिळतो.

पहिला कोब्राचा. इंग्लंडच्या एसी कंपनीची 'एस' नावाची लहान हलकी स्पोर्ट्स कार होती. तिला मिळणारे दोन लिटरचे ब्रिस्टल इंजिन बंद झाले. १९६२ मध्ये अमेरिकेच्या कॅरोल शेल्बी यांनी तिच्यात फोर्डचे ४.२ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन बसविले आणि कोब्रा जन्मली. पण त्यासाठी सांगाडा आणि मागचा डिफरन्शियल मजबूत करावा लागला. पुढे १९६५ मध्ये सात लिटरचे इंजिन घालायचे ठरले तेव्हा जुन्या सांगाड्याने हात टेकले आणि पाटे काढून कॉइल स्प्रिंगचा नवा सांगाडा बनवावा लागला. धडा हा की इंजिनाचा जोर वाढला की तो जोर पुढे प्रत्येक भागावर जातो. जो भाग सर्वांत कमजोर, तो आधी तुटतो.

दुसरा एमजीबी गाडीचा. हिचे मूळ चार सिलिंडरचे १७९८ सीसीचे इंजिन बीएमसी कंपनीच्या 'बी' घराण्यातील. आपल्या अँबॅसडरचे १४८९ सीसीचे इंजिनही ह्याच घराण्यातील. किंबहुना १९५५ च्या एमजीए ह्या स्पोर्ट्स कारमध्ये १४८९ सीसीचेच इंजिन होते. तिला दोन कार्बुरेटर आणि जास्त कॉम्प्रेशन होते एवढेच. ज्या मिस्त्रीने अँबॅसडरचे इंजिन उघडले आहे, त्याला एमजीचे इंजिन परके नाही. तर ह्या एमजीबीमध्ये १९७३ ते १९७६ या काळात कंपनीने रोव्हरचे साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन बसविले. सिलिंडर दुप्पट झाले, तरी गाडीचे पुढचे वजन फारसे वाढले नाही. कारण जुने इंजिन बिडाचे होते आणि नवे अॅल्युमिनियमचे. धडा हा की सीसी बघून वजनाचा अंदाज बांधू नये. इंजिन काट्यावर ठेवून बघावे.

तिसरा सनबीम टायगरचा. १९६४ पासून ह्या लहान गाडीत फोर्डचे आठ सिलिंडरचे इंजिन घालत असत. जागा इतकी अपुरी की एका प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी आतल्या बाजूने पत्र्याला भोक ठेवावे लागले. १९६७ मध्ये कंपनीचा ताबा क्रायस्लरकडे गेला. क्रायस्लरला फोर्डचे इंजिन वापरायचे नव्हते, पण त्यांचे स्वतःचे इंजिन त्या जागेत बसेना, कारण त्याचा डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला होता. शेवटी गाडीच बंद केली. एका डिस्ट्रिब्युटरच्या जागेवरून आख्खी गाडी संपली. धडा हा की इंजिन उतरविण्यापूर्वी टेप लावावा, उतरविल्यानंतर नव्हे.

चार मापे

आता कामाकडे वळू. दुसरे इंजिन घेण्याआधी चार मापे घ्यावीत आणि वहीत लिहून ठेवावीत.

पहिले माप वजनाचे. गाडी धर्मकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून वजन घ्यावे, मग पूर्ण गाडीचे. जुने आणि नवे इंजिन पेटी व स्टार्टरसह वेगळे तोलावे. नवे इंजिन चाळीस-पन्नास किलोने जड असेल तर पुढचे पाटे बसतात, स्टिअरिंग जड होते, ब्रेक मारताना नाक खाली जाते. डिझेल इंजिन सहसा पेट्रोलपेक्षा जड असते. कारण त्याला जास्त दाब सोसायचा असतो.

दुसरे माप जागेचे. लांबी, रुंदी, उंची तर पाहावीच, शिवाय चार ठिकाणी विशेष लक्ष द्यावे: खाली ऑइल चेंबर पुढच्या एक्सलला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला लागतो काय, वर बॉनेट बंद होते काय, बाजूला सायलेन्सरचा पाइप ब्रेकच्या नळीजवळून जातो काय, आणि पुढे रेडिएटर व पंख्याला जागा उरते काय. जिप्सीसारख्या गाडीत पुढचा एक्सल वरखाली होतो. म्हणून गाडी उभी असताना दिसणारी फट धरू नये. खड्ड्यात चाक वर गेल्यावर किती फट राहील ते धरावे.

तिसरे माप जोडाचे, म्हणजे इंजिन आणि गिअरपेटी यांच्या मधले. खरे कौशल्य येथे लागते आणि बहुतेक कामे येथेच बिघडतात. नव्या इंजिनाच्या मागच्या बोल्टांची भोके जुन्या पेटीच्या बेल हाउसिंगशी जुळत नसतील तर मध्ये जाड प्लेट करावी लागते. ही प्लेट केवळ भोके पाडून होत नाही. क्रँकचा मध्य आणि गिअरपेटीच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत यावा लागतो. हे डायल गेज लावूनच तपासावे. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण काही महिन्यांत क्लच घसरू लागतो, पायलट बेअरिंग आवाज करते आणि पेटीचा पुढचा शाफ्ट खाल्ला जातो. प्लेटच्या जाडीमुळे शाफ्ट किती मागे गेला, क्लच प्लेटचे दाते पूर्ण बसतात काय, स्टार्टरचा दात फ्लायव्हीलच्या रिंगला बरोबर लागतो काय, हेही पाहावे.

याच कारणास्तव इंजिन त्याच्या स्वतःच्या गिअरपेटीसह घेणे शहाणपणाचे. कंटेसाचे उदाहरण वर दिलेच आहे. मात्र चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत तेवढ्याने भागत नाही. मागे ट्रान्सफर पेटीही आहे. आणखी एक गोष्ट. जिप्सीत इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने असते. एस्टीम किंवा बलेनो ह्या गाड्यांत ते आडवे असते. घराणे एकच आणि एस्टीमचे तर सीसीही तेच १२९८, तरी मॅनिफोल्ड, चेंबर, माउंटिंग आणि पंखा बदलावे लागतात. "मारुतीचेच आहे, बसेल" एवढ्यावर पैसे देऊ नयेत.

चौथे माप वेगाचे. इंजिन किती फेऱ्यांवर जोर देते आणि चाके किती फिरतात, याचा मेळ बसला पाहिजे. हिशेब सोपा आहे. समजा टायरचा घेर २ मीटर आहे, टॉप गिअर एकास एक आहे आणि डिफरन्शियल चारास एक आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या करते तेव्हा चाक ७५० फेऱ्या करील आणि गाडी मिनिटाला १५०० मीटर, म्हणजे तासाला ९० किलोमीटर जाईल. डिफरन्शियल पाचास एक असेल तर त्याच फेऱ्यांवर वेग ७२ वर येईल. पेट्रोल इंजिन ५०००-६००० फेऱ्या सहज करते. जुनी डिझेल इंजिने ४००० च्या आसपास थांबतात. म्हणून पेट्रोलचा डिफरन्शियल तसाच ठेवून डिझेल इंजिन घातले की गाडी ओढते चांगली, पण रस्त्यावर धावत नाही. इंजिन सतत ओरडत राहते आणि बचत होण्याऐवजी तेल जास्त जळते.

गरम होणे, ब्रेक आणि इंधन

पूर्व विदर्भाचा उन्हाळा सर्वांना माहीत आहे. त्यात जंगलातील गाडी ताशी पंधरा-वीस किलोमीटरने चालते, मध्येच थांबते. समोरून वाऱ्याचा झोत मिळत नाही. तेव्हा रेडिएटर थंड ठेवण्याचे सारे काम पंख्यावर येते. महामार्गावर ठीक चालणारी गाडी बोदलकसा-नागझिऱ्याच्या वाटेवर मे महिन्यात उकळू शकते. जास्त ताकदीचे इंजिन म्हणजे जास्त उष्णता. म्हणून रेडिएटर इंजिनाच्या मानाने असावा, पंख्याला गोल आवरण असावे आणि गाडी ग्राहकाला देण्यापूर्वी भर दुपारी अर्धा तास कमी वेगाने चालवून पाहावी.

ब्रेकची एक बाब पुष्कळदा विसरली जाते. पेट्रोल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला लागणारी हवेची ओढ इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून मिळते. डिझेल इंजिनात ती ओढ नसते. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो न लावता गाडी सोडली तर पेडल दगडासारखे लागते आणि उतारावर गाडी थांबत नाही. ही चूक जीव घेणारी आहे.

इंधनाचेही तसेच. कार्बुरेटरच्या इंजिनाला पंपाचा दाब अगदी थोडा, एक किलोच्याही आत लागतो. इंजेक्शनच्या इंजिनाला साधारण अडीच-तीन किलो लागतो. जुनी रबरी नळी आणि साधी क्लिप ह्या दाबाला टिकत नाही. पेट्रोल गरम सायलेन्सरवर उडाले तर गाडी पेट घेते. नळ्या, क्लिपा व टाकीकडे परत जाणारी नळी हे सर्व नवीन घालावे. इंजेक्शनच्या इंजिनाबरोबर त्याचा कॉम्प्युटर, वायरिंग आणि सेन्सर एकाच गाडीचे घ्यावेत. चार गाड्यांचे तुकडे जोडून वायरिंग करणे म्हणजे महिनाभर दोष शोधत बसणे.

कायदा काय म्हणतो

हा भाग प्रत्येक गॅरेजमालकाने नीट वाचावा. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीतील फेरबदलाविषयी आहे. २००० मध्ये त्यात दुरुस्ती झाली. तिचा अर्थ असा की उत्पादकाने मूळ जे तपशील दिले आणि जे नोंदणी पुस्तकात आहेत, त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ सांगितला.

नोंदणी पुस्तकात इंजिन क्रमांक, सीसी आणि इंधनाचा प्रकार लिहिलेला असतो. तेव्हा ९७० सीसीच्या जिप्सीत १२९८ चे, किंवा पेट्रोल गाडीत डिझेलचे इंजिन घालून ती रस्त्यावर चालविणे हा विसंगत बदल होतो. पूर्वी कित्येक जीपा, अँबॅसडर आणि मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी पेट्रोलवरून डिझेलवर गेल्या, म्हणून आजही चालते असे समजू नये. मुंबईत तर न्यायालयाच्या आदेशांनंतर डिझेल टॅक्सींना पुढे सीएनजीवर यावे लागले आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली.

मग वाट कोणती? कायद्याने दोन वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत.

एक, त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बदलून घालणे. यासाठी आधी परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यावी आणि बदल झाल्यावर १४ दिवसांच्या आत नोंदणी पुस्तकात नवा इंजिन क्रमांक चढवून घ्यावा. एमएच ३५ क्रमांकाच्या गाड्यांसाठी हे काम गोंदियाच्या परिवहन कार्यालयात होते.

दोन, मान्यताप्राप्त किट लावून इंधन बदलणे. यात सीएनजी, एलपीजी आणि आता विजेची बॅटरी येते. मात्र किट त्या मॉडेलसाठी मंजूर असले पाहिजे आणि अधिकृत केंद्रातच बसविले पाहिजे. सीएनजीच्या टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते. विजेच्या किटची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत होते.

रॅलीच्या जिप्सींत मोठी इंजिने, उदाहरणार्थ बलेनोचे १५९० सीसीचे, घातली जातात हे खरे. पण ती स्पर्धेची गाडी असते, तिला स्पर्धेचे नियम आणि तपासणी लागू असते. तिचा दाखला देऊन पर्यटकांना बसविण्याची गाडी तशी करता येत नाही.

जुन्या शौकिनांच्या गाड्यांसाठी आणखी एक नियम आहे. जुलै २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. अट ही की गाडी मूळ स्वरूपात असावी. सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा बदल नसावा. एखाद्या जुन्या एमजीत दुसरे इंजिन घातले की ही सवलत धोक्यात येते आणि गाडीची किंमतही घसरते. अशा ग्राहकाला मूळ इंजिनच दुरुस्त करून देणे हे त्याच्या हिताचे आणि आपल्याही फायद्याचे.

शिक्षेचे काय? २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गॅरेजवाल्यांनी पुढचे वाचावे. कायद्यात 'डीलर' या शब्दाच्या व्याख्येत गाडी दुरुस्त करणाराही येतो. ब्रेक, धूर, बांधणी यांविषयीचे नियम मोडून गाडीत बदल करणाऱ्या डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. "मालकाने सांगितले म्हणून केले" ही सबब पुरेल अशा भरवशावर राहू नये.

विम्याचा प्रश्न वेगळाच. अपघात झाल्यावर सर्वेअर इंजिन क्रमांक पाहतो. तो पुस्तकाशी जुळला नाही तर दावा अडतो. गाडीत पर्यटक बसलेले असतील तर ही रक्कम मालकाला आयुष्यभर फेडावी लागेल. शिवाय खासगी गाडीची १५ वर्षांनी फेरनोंदणी होते. तेव्हाही इन्स्पेक्टर क्रमांक पडताळतो.

भंगारातील इंजिन घेताना

जुने इंजिन बहुधा भंगाराच्या बाजारातून येते. तो प्रामाणिक धंदा आहे आणि आपले अनेक बांधव तो पिढ्यान्‌पिढ्या करीत आहेत. पण चोरीच्या गाडीचे इंजिनही त्याच रस्त्याने येऊ शकते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून विक्रेत्याची सही-शिक्क्याची पावती, मूळ गाडीचा नोंदणी क्रमांक, ती मोडीत काढल्याचा कागद आणि इंजिन क्रमांकाचा फोटो एवढे घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. क्रमांकाच्या जागी घासल्याची किंवा वेल्डिंगची खूण दिसली तर इंजिन कितीही स्वस्त असो, हात लावू नये. परिवहन कार्यालय मंजुरीच्या वेळी हेच कागद मागते, म्हणून ते आधीच हाती असलेले बरे.

पैशाचा हिशेब

ग्राहक इंजिनाची किंमत विचारतो. मिस्त्रीने त्याला पूर्ण कामाची किंमत सांगितली पाहिजे. उदाहरणादाखल आकडे धरू. इंजिन ४०,००० रुपयांना मिळाले. त्यावर जोडाची प्लेट व फ्लायव्हीलचे लेथकाम १२,०००, माउंटिंग ८,०००, प्रोपेलर शाफ्ट ६,०००, रेडिएटर व पंखा १०,०००, इंधनाच्या नळ्या व पंप ७,०००, वायरिंग व कॉम्प्युटर १५,०००, सायलेन्सर ६,०००, क्लच ६,०००. हे झाले ७०,०००. दोन माणसांची वीस दिवसांची मजुरी रोज १,५०० प्रमाणे ३०,०००. एकूण १,४०,०००. म्हणजे इंजिनाची किंमत तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे. ज्याने ४०,००० ऐकून "साठ हजारांत करून देतो" असे तोंडी कबूल केले, त्याची मजुरी तर गेलीच, वर पदरचे पैसे गेले आणि ग्राहकाशी भांडणही झाले.

आता याच्या शेजारी जुन्याच इंजिनाचे पूर्ण काम ठेवा: बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगा, व्हॉल्व्ह, हेडचे फेसिंग, टायमिंगचा पट्टा, नवे माउंटिंग. खर्च बहुधा याच्या निम्म्यातच राहतो. काम ओळखीचे, दिवस कमी, भाग बाजारात मिळणारे आणि नोंदणी पुस्तकात एक अक्षरही बदलावे लागत नाही. ब्लॉकला तडा गेला असेल किंवा बोअर शेवटच्या मापापर्यंत पोहोचला असेल तरच दुसऱ्या इंजिनाचा विचार करावा, आणि तेव्हाही त्याच प्रकारचे इंजिन शोधावे. पुष्कळदा "ताकद नाही" ही तक्रार इंजिनाची नसतेच. क्लच घसरत असतो, ब्रेक धरून बसलेले असतात, चोक झालेला सायलेन्सर असतो किंवा कॉम्प्रेशन एकाच सिलिंडरचे गेलेले असते. कॉम्प्रेशन गेज लावल्याशिवाय इंजिनावर ठपका ठेवू नये.

काम घेण्यापूर्वी

थोडक्यात क्रम असा ठेवावा. प्रथम कॉम्प्रेशन तपासावे आणि जुनेच इंजिन नीट होते काय ते पाहावे. होत नसेल तर नोंदणी पुस्तक मागून इंजिन क्रमांक, सीसी व इंधन वहीत उतरवावे. त्याच प्रकारचे इंजिन कागदांसह मिळते काय ते शोधावे. वर सांगितलेली चार मापे घ्यावीत. लेखी अंदाजपत्रक करून ग्राहकाची सही घ्यावी. परिवहन कार्यालयाची मंजुरी ग्राहकाच्या हातात पडल्यावरच आगाऊ रकमेतून इंजिन विकत घ्यावे. काम झाल्यावर ब्रेक, गळती व तापमान तपासून तारखेसह नोंद करावी आणि १४ दिवसांत पुस्तकात नोंद झाली काय याची ग्राहकाकडे चौकशी करावी. ग्राहकाने विमा कंपनीलाही नवा क्रमांक कळविला पाहिजे.

जो ग्राहक म्हणतो "कागद नको, नुसते बसवून द्या", त्याला नम्रपणे नाही म्हणावे. तो दुसऱ्या गॅरेजला जाईल, जाऊ द्यावे. आपला धंदा गावात बसून वर्षानुवर्षे करायचा आहे, आणि शागीर्दही आपण जे करतो तेच शिकतात. डायल गेज, कॉम्प्रेशन गेज आणि पावतीपुस्तक या तीन वस्तूंचा खर्च मिळून एका फसलेल्या कामाच्या नुकसानीहून कमीच असतो. ज्या गॅरेजमध्ये त्या आहेत आणि रोज वापरल्या जातात, तिथे जिप्सीवाला लांबून गाडी ओढून आणील.